लोणच्याच्या नोकरीपासून मूत्रपिंडापर्यंत

उन्हाळ्यात वरणगाव-भुसावळकडे घामाने जांघेत गजकर्ण होणे नवे नाही. मेडिकलमधून इट्राकोनॅझोल आणले की काम भागते. पण मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाने तीच गोळी विचारल्याशिवाय घेतली, तर त्याचे टॅक्रोलिमस शरीरात मोडेनासे होते. रक्तातली पातळी चढते, हात थरथरतात, क्रिएटिनिन वाढते. एका औषधाने दुसऱ्याची मोडतोड अडवायची, हे मुद्दाम करून पाहणाऱ्या एक शास्त्रज्ञ होत्या : गर्ट्रूड एलियन.

जन्म 1918, न्यूयॉर्क. पंधराव्या वर्षी आजोबांना पोटाच्या कर्करोगाने जाताना पाहिले आणि त्यांनी रसायनशास्त्र धरले. 1937 मध्ये पदवी मिळाली, पण प्रयोगशाळांना बाई नको होती. काही काळ एका किराणा कंपनीत लोणच्याचा आंबटपणा तपासला. 1944 मध्ये बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्याकडे लागल्या. संध्याकाळी पीएच.डी.चे वर्ग चालू होते. नोकरी सोडून पूर्णवेळ या, असे विद्यापीठाने सांगताच बाईंनी पीएच.डी. सोडली. रुग्णांचे नशीब, म्हणायचे.

रक्ताच्या कर्करोगावर त्यांनी मर्कॅप्टोप्युरिन आणले. त्यातूनच पुढे ॲझाथायोप्रिन झाले. 1962 मध्ये बोस्टनला याच औषधाच्या आधाराने, नात्यात नसलेल्या मृत माणसाचे मूत्रपिंड एका रुग्णाच्या शरीरात वर्षाहून अधिक काळ चालले.

मर्कॅप्टोप्युरिन शरीरात झटपट मोडते. ते मोडणारे एन्झाइम रोखायला त्यांनी ॲलोप्युरिनॉल वापरले. औषध टिकले, पण त्याचा त्रासही तितकाच वाढला; कर्करोगात फायदा झाला नाही. मात्र युरिक ॲसिडही त्याच एन्झाइमने बनते, म्हणून ॲलोप्युरिनॉल गाउटच्या रुग्णांना लागू पडले. आज मूत्रपिंड बदललेल्यांनाही गाउट होतो, आणि कुणीतरी ॲलोप्युरिनॉल लिहून देतो. सोबत ॲझाथायोप्रिन पूर्ण मात्रेत चालू राहिले तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. ते सहसा पाव ते तृतीयांशावर आणावे लागते, किंवा बदलावेच लागते. दोन्ही गोळ्या एकाच प्रयोगशाळेतल्या, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला ठाऊक असतेच असे नाही.

नागिणीवरचे असायक्लोव्हिरही त्यांच्याच गटाचे. 1988 मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले. मानद पदव्या पुष्कळ आल्या. अभ्यास करून मिळवायची पीएच.डी. राहिली ती राहिलीच. 1999 मध्ये त्या वारल्या.