कर्करोगसंशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर

विद्वत्तेचे मोल कशावरून करावे? पदव्यांवरून, मानसन्मानांवरून की लिहिलेल्या पानांवरून? शास्त्राच्या जगात याचे एक निराळे माप आहे. एखाद्याच्या शोधनिबंधाचा आधार पुढील किती संशोधकांनी घेतला, आपल्या लेखाच्या अखेरीस त्याचा निर्देश किती जणांनी केला, हे ते माप होय. या मापाने ज्यांचे कार्य आजही जिवंत ठरते, अशा एका मराठी संशोधकाचा परिचय येथे करून देत आहोत.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी संपादन करून ते स्वदेशी परतले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

भारतात कर्करोग विरळाच, अशी समजूत त्या काळी रूढ होती. खानोलकरांनी वाद घातला नाही. त्यांनी मोजणी केली. रुग्णालयात ओळीने आलेल्या मुखकर्करोगाच्या १,००० रुग्णांची पाहणी करून १९४४ साली त्यांनी आपला निबंध एका अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध केला. गाठ कोठे आहे एवढे पाहून ते थांबत नसत. रोगी काय खातो, काय चघळतो, काय नेसतो, याचीही ते विचारपूस करीत.

या विचारपुशीचे फळ पुढील वर्षी दिसले. १९४५ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगांवर निबंध लिहिला. धोतराची गाठ कमरेला वर्षानुवर्षे घट्ट काचत राहिल्याने तेथील कातडीवर होणारा कर्करोग त्यांनी त्यात वर्णिला. शिप्रेच्या घाटावर धोतर नेसलेले यात्रेकरू आपण नित्य पाहतो. पण त्या साध्या गाठीकडे शास्त्रज्ञाच्या दृष्टीने पाहण्याचे कोणास सुचले असते? खालचा ओठ व हिरडी यांच्यामध्ये चुना-तंबाखूची खैनी धरून ठेवणाऱ्यांस त्याच जागी होणारा कर्करोगही त्यांनी नोंदविला.

१९५० साली लंडनमध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला. तंबाखू ओढणाऱ्या देशांचा तो प्रश्न होता. आपल्या देशात ती चघळलीही जाते. १९५५ साली संघवी, राव व खानोलकर यांनी रोगी आणि निरोगी माणसांच्या सवयींची तुलना करून तंबाखू चघळणे व ओढणे यांचा मुख-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. या विषयावर लिहिणारे संशोधक आजही त्या निबंधाचा आधार घेतात.

खानोलकरांचे शंभरांहून अधिक निबंध प्रसिद्ध झाले. कुष्ठरोगात मज्जातंतूंवर होणाऱ्या परिणामांचाही त्यांनी सखोल अभ्यास केला. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होत. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधिका त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाल्या. १९५५ साली त्यांना पद्मभूषण मिळाले व १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

निबंध लिहिला जातो, त्याचे निर्देश वाढतात, पण सवय मोडावयास फार काळ लागतो. आपल्या मध्यप्रदेशाने गुटख्यावर बंदी घातली ती २०१२ साली, म्हणजे त्या १,००० रुग्णांच्या पाहणीनंतर ६८ वर्षांनी. असे करणारे हे देशातील पहिले राज्य ठरले, ही गोष्ट आपणांस भूषणावहच आहे. तरीही तंबाखू आपल्या गल्लीतून गेलेली नाही.

विद्यार्थी मित्रहो, खानोलकरांच्या निबंधांचे निर्देश पंडित करतीलच. पण आपल्या घरातील वडीलधारे तंबाखूची डबी उघडतील, तेव्हा त्यांना नम्रपणे त्या १,००० रुग्णांची हकीकत सांगणे, हे मात्र आपल्या हाती आहे. त्यांच्या श्रमांचे खरे चीज त्यातच होईल.