कुलूप लावलेलं दार

25 मार्च 1911, शनिवारची दुपार. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरला फ्रान्सिस पर्किन्स एका मैत्रिणीकडे चहाला गेल्या होत्या. बाहेर आगीच्या बंबाचा गलका ऐकून त्या धावत सुटल्या. जवळच्याच इमारतीत आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर बायकांचे ब्लाउज शिवणारा ट्रँगल कारखाना जळत होता. नवव्या मजल्यावरच्या एका दाराला कुलूप होतं. का, तर मुली कापड चोरून नेतील! बंबाची शिडी जेमतेम सहाव्या मजल्यापर्यंत पोचली. 146 जीव गेले. बहुतेक जणी पोटासाठी परदेशातून आलेल्या तरण्याताठ्या पोरी. कित्येकींना खिडकीतून उड्या टाकताना फ्रान्सिसबाईंनी डोळ्यांनी पाहिलं.

बाई तिशीतल्या, 1880 मध्ये बॉस्टनला जन्मलेल्या, खात्यापित्या घरातल्या. कॉलेजात असताना गिरण्या पाहायला नेलं होतं, तेव्हापासून कामगारांचा प्रश्न मनात घर करून राहिलेला. आगीच्या आधीच त्यांनी तळघरातल्या पावाच्या भट्ट्या तपासल्या होत्या.

आगीनंतर राज्याने चौकशी आयोग नेमला. बाई त्याच्या कामात उतरल्या आणि त्यांनी एक फार हुशारीची गोष्ट केली. पुढाऱ्यांना कागद वाचून दाखवले नाहीत, थेट कारखान्यात नेलं. रात्रभर राबून सकाळी बाहेर पडणाऱ्या बायका आल्फ्रेड स्मिथ यांना दाखवल्या. रॉबर्ट वॅग्नर यांना तर भिंतीतल्या चिंचोळ्या भोकातून रांगत जाऊन बर्फाने माखलेली शिडी पाहायला लावली. आग लागली तर सुटायची वाट म्हणे हीच! पुढच्या दोन-तीन वर्षांत आगीची कवायत, पाण्याचे फवारे, दारं उघडी ठेवणं, बायकांच्या कामाचे तास असे 30हून अधिक कायदे झाले, तपासनीसही वाढवले.

पण नुसत्या कायद्याने काय होतं हो? ट्रँगलचे मालक खटल्यातून निर्दोष सुटले होते. त्यातलाच एक 1913 मध्ये पुन्हा दाराला कुलूप लावताना सापडला. दंड किती? 20 डॉलर!

बाईंची पुढची सगळी धडपड या अंमलबजावणीसाठीच होती. 1919 मध्ये स्मिथ गव्हर्नर झाल्यावर त्या राज्याच्या औद्योगिक आयोगावर गेल्या, 1929 मध्ये त्याच खात्याच्या प्रमुख झाल्या. इकडे नवरा मनोरुग्ण, लेक लहान, घर बाईंच्याच पगारावर. हे त्यांनी कधी चारचौघांत बोलून दाखवलं नाही.

1933 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना कामगारमंत्री केलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ही पहिली बाई. मात्र कारखाने तपासायचा अधिकार तेव्हा राज्यांकडे होता, वॉशिंग्टनमधून फर्मान काढून भागत नव्हतं. म्हणून 1934 मध्ये त्यांनी एक नवा विभाग उघडला. राज्यांचे तपासनीस तयार करायचे, सुरक्षेचे नियम समजावून द्यायचे, हे त्याचं काम. दगडाची धूळ छातीत जाऊन मरणाऱ्या मजुरांचा प्रश्न घेऊन 1936 मध्ये त्यांनी देशभरातल्या जाणकारांची परिषद बोलावली. 1938 च्या कायद्याने किमान वेतन ठरलं, कारखान्यांतल्या बालमजुरीला लगाम बसला. 1945 पर्यंत, सलग 12 वर्षं त्या मंत्री होत्या.

1965 मध्ये त्या गेल्या. पाच वर्षांनी, 1970 मध्ये, सगळ्या अमेरिकेसाठी कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचा कायदा आला. त्यात सरकारी तपासनीस येणार असल्याची खबर परवानगीशिवाय मालकाला आधी पोचवणाऱ्यालाही शिक्षा ठेवली आहे.