एका साखळीचे गणित

सन २०२५ हे वर्ष जगभर पुंजविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले गेले. तत्पूर्वी २०२३ मध्ये केंद्र सरकारने याच विज्ञानासाठी ६,००० कोटी रुपयांहून अधिक खर्चाची राष्ट्रीय योजना मंजूर केली. एवढ्या मोठ्या रकमांची चर्चा चालू असता, ज्यांनी मुंबईत राहून केवळ विचाराच्या बळावर या विज्ञानात चिरस्थायी भर घातली, त्या चंचलकुमार मजुमदार यांचे स्मरण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासकांत त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. ज्या शहरात हे कार्य झाले तेथील सुशिक्षितांस मात्र ते क्वचितच ठाऊक असते.

मजुमदारांचा जन्म १९३८ साली कलकत्त्यास झाला. तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते अमेरिकेस गेले व १९६५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉक्टर झाले. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले वॉल्टर कोन यांच्यासमवेत त्यांनी त्याच वर्षी एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. परदेशी राहण्यास एवढे निमित्त पुरेसे होते. तथापि १९६६ साली ते स्वदेशी परतले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांचा विमान अपघातात अंत झाला तेच हे वर्ष होय.

येथे त्यांनी हाती घेतलेला प्रश्न दिसावयास साधा होता. एका रांगेत असंख्य सूक्ष्म चुंबक आहेत आणि प्रत्येकास शेजाऱ्याच्या उलट दिशेस तोंड करावयाचे आहे, अशी कल्पना करावी. या साखळीचे गणित हान्स बेथे यांनी १९३१ मध्येच सोडविले होते. परंतु शेजाऱ्याच्या पलीकडचा चुंबकही तोच आग्रह धरू लागला तर? दिशा दोनच असता तिघांनी परस्परांच्या विरुद्ध उभे राहावे कसे? एकाचे समाधान केले की दुसऱ्याचा विरस होतो. एकेका कणाचे वर्तन ज्ञात असूनही समुदायाचे वर्तन सांगता येत नाही, हीच या शास्त्रातील खरी अडचण होय.

मजुमदार व त्यांचे सहकारी दीपन घोष यांनी मोजक्या कणांच्या लहान साखळ्यांपासून आरंभ केला. पलीकडच्या शेजाऱ्याचा प्रभाव जवळच्याच्या नेमका निम्मा असेल, तर सारा गोंधळ मिटतो, असे त्यांस आढळले. प्रत्येक कण एकाच शेजाऱ्याशी पूर्णतः जोडी जमवितो, इतरांपासून अलिप्त होतो, आणि या जोड्या जमविण्याचे मार्ग दोनच असतात. १९६९ मध्ये हे उत्तर दोन निबंधांतून प्रसिद्ध झाले. अंदाजांवर विसंबणाऱ्या या क्षेत्रात असे नेमके उत्तर विरळा. 'मजुमदार-घोष प्रतिमान' म्हणून ते आज जगभर शिकविले जाते.

त्या वेळी याचा व्यावहारिक उपयोग कोणासही सांगता आला नसता. परंतु टाटा संस्थेतच डॉक्टरेट मिळविलेले श्रीराम शास्त्री यांनी बिल सदरलँड यांच्यासह १९८१ मध्ये हीच कल्पना रांगेवरून पृष्ठभागावर नेली. आणि १९९९ मध्ये तशीच रचना स्ट्रॉन्शियम, तांबे व बोरॉन यांच्या एका संयुगात प्रत्यक्ष आढळली. कागदावरील गणितास पदार्थाची साक्ष मिळण्यास अशी तीस वर्षे लागली.

मजुमदारांस १९७६ मध्ये भटनागर पारितोषिक लाभले. कलकत्त्यास परतून त्यांनी अध्यापन केले व सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावे स्थापन झालेल्या राष्ट्रीय केंद्राचे ते पहिले संचालक झाले. २००० साली त्यांचे निधन झाले.

आमचे उल्हासनगर हे निर्वासितांनी लष्करी बराकींतून उभारलेले गाव. येथे प्रथम पोटापाण्याचा विचार व्हावा, हे स्वाभाविकच आहे. म्हणून कॅम्प नं. ३ मधील एखाद्या मुलाने शुद्ध विज्ञान शिकण्याची इच्छा दर्शविली की त्याचा उपयोग काय, हा प्रश्न घरातून प्रथम येतो. प्रश्न अयोग्य नाही. त्याच्या उत्तरासाठी दिलेली मुदत मात्र फार तोकडी असते. सरकारी योजनेसही हेच लागू आहे. यंत्रे पैशाने येतील. परंतु योग्य प्रश्न निवडणारी बुद्धी तयार होण्यास अवकाश आणि विश्वास हवा. तो मजुमदारांस मुंबईत मिळाला. आमच्या मुलांसही तो मिळावा, एवढेच आमचे मागणे आहे.