गोठवलेल्या माशावर विश्वास बसवणारे क्लॅरेन्स बर्ड्सआय

गोठवलेला मासा शिळा असतो का, आजारी माणसाला तो चालेल का, असे रुग्णांचे नातेवाईक अनेकदा विचारतात. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनाही हीच शंका होती. ती दूर करण्यात क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचा मोठा वाटा आहे.

बर्ड्सआय यांचा जन्म १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. पैशांअभावी त्यांना कॉलेज सोडावे लागले. १९१२ मध्ये फरच्या व्यापारासाठी ते लॅब्रॅडॉरला गेले. तिथले इनुइट लोक उणे ४० अंशांच्या थंडीत मासे पकडत. पाण्याबाहेर काढताच मासा गोठे आणि काही महिन्यांनी शिजवला तरी ताजाच लागे. मासा हळूहळू गोठला तर त्यात बर्फाचे मोठे स्फटिक होतात, पेशी फाटतात आणि मांस लिबलिबीत होते. झटपट गोठला तर स्फटिक बारीक राहतात.

परतल्यावर त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गोठवलेले मासे विकायला सुरुवात केली. पण असा माल हलक्या प्रतीचा, अशीच लोकांची समजूत होती. १९२४ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. ते खचले नाहीत. ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात त्यांनी नवी कंपनी काढली. पाकिटातला मासा अतिथंड धातूच्या पृष्ठभागांमध्ये दाबून झटपट गोठवण्याचे यंत्र त्यांनी बनवले. १९२९ मध्ये ही कंपनी २ कोटी २० लाख डॉलरना विकली गेली. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातल्या १८ दुकानांत ही पाकिटे विक्रीला आली. दुकानांत त्यासाठी खास फ्रीजर ठेवले होते. लोकांनी चव घेतली आणि हळूहळू भीती गेली. बर्ड्सआय १९५६ मध्ये वारले.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

- उणे २० अंशांवर सलग ७ दिवस ठेवल्यास माशातले परजीवी कृमी मरतात.
- जिवाणू मात्र सगळे मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते. म्हणून मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, पूर्ण शिजवा. बाहेर वितळलेला मासा पुन्हा गोठवू नका.
- यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी कच्ची कालवे खाऊ नयेत, ती गोठवलेली असली तरीही.