मिरजेचे वॉन्लेस डॉक्टर

कसबा बावडा असो की पंचगंगाकाठचे दुसरे एखादे गाव, जुन्या काळी घरातले आजारपण हाताबाहेर जाऊ लागले की वडीलधारे सांगत, मिरजेला न्या. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि आजाऱ्याला नेणे आवाक्यात आले. मिरजेचे हे नाव ज्यांच्यामुळे झाले, ते डॉ. विल्यम वॉन्लेस त्याच सुमारास या भागात नवखे होते.

जन्म 1865 चा, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातला. न्यूयॉर्कमधून 1889 मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. अशा पदवीधराला तिकडे बरे चालले असते. पण आपले शिक्षण ख्रिस्ताच्या कामासाठी आहे, या श्रद्धेने ते पत्नी मेरीसह त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीत आले. पुढे मुक्काम मिरजेत हलला आणि 1894 मध्ये तिथे रुग्णालय उभे राहिले.

नाव झाले ते विशेषतः मोतीबिंदूमुळे. तोवर गावोगाव फिरणारे वैदू सुईने गढूळ भिंग डोळ्यातच मागे ढकलत. रुग्णाला लगेच थोडे दिसू लागे, वैदू पैसे घेऊन पुढच्या गावी जाई, आणि नंतर कित्येकांचा डोळा सुजून कायमचा जाई. वॉन्लेस यांच्या पिढीतले शल्यचिकित्सक ते भिंग बाहेर काढत. कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो हे 1884 मध्येच कळले होते, जंतुनाशकांचा वापरही रुळत होता. कृत्रिम भिंग मात्र नव्हते. जाड काचांचा चष्मा लावावा लागे. तरीही हात धरून आणलेला म्हातारा स्वतःच्या पायांनी परत गेला, की त्या गावातून पुढचे चार जण येणारच!

आलेल्यांपैकी बहुतेकांना धर्म बदलायचा नव्हता. त्यांना दिसायला हवे होते, मुतखडा निघायला हवा होता. वॉन्लेस यांच्यालेखी उपचार आणि धर्मप्रचार ही एकाच कामाची दोन अंगे होती, आणि ते त्यांनी लपवले नाही. रुग्णांपैकी बहुसंख्य मात्र बरे होऊन आपापला धर्म घेऊनच घरी गेले. धर्मांतरे मोजून यश ठरवणाऱ्या माणसाने अशा ठिकाणी निराश होऊन गाशा गुंडाळला असता. वॉन्लेस जवळजवळ चाळीस वर्षे राहिले.

1897 मध्ये त्यांनी वैद्यकीय शाळा काढली. त्यांच्या साऱ्या कामात हेच सर्वांत दूरदृष्टीचे म्हणावे लागेल. एकटा शल्यचिकित्सक कितीही कुशल असला, तरी त्याच्या शस्त्रक्रिया त्याच्याबरोबर संपतात. शिकवलेले हात मागे राहतात.

1906 मध्ये मेरी गेल्या. काम थांबले नाही. कुष्ठरुग्णांची सोय झाली, मिरजेजवळ क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. क्षयावर तेव्हा औषधच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 चा. विश्रांती, मोकळी हवा, सकस जेवण आणि कुणीतरी रोज येऊन विचारपूस करणे, एवढेच देता येई. घरच्यांनीही दूर ठेवलेल्या रुग्णाला ते शेवटचे किती मोलाचे वाटले असेल!

1928 मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना सर ही पदवी दिली. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि 1933 मध्ये अमेरिकेत वारले. आरोग्यधामाभोवतीच्या वस्तीला लोक वानलेसवाडी म्हणू लागले. कोल्हापुरातल्या मिशनच्या रुग्णालयाला नाव आहे ते मेरी वॉन्लेस यांचे.