न्यायमूर्ती होण्याआधीचे रानडे

लोकमान्य म्हटले की टिळक आणि न्यायमूर्ती म्हटले की रानडे, हे समीकरण महाराष्ट्राच्या मनात पक्के बसले आहे. त्यांच्या आधी आणि नंतर मोठमोठे न्यायाधीश होऊन गेले. पण पदवी नावाचाच भाग होऊन बसली ती एकट्या महादेव गोविंद रानड्यांच्या बाबतीत. गंमत अशी, की मुंबई उच्च न्यायालयाच्या आसनावर ते बसले ते १८९३ मध्ये, काशिनाथ त्र्यंबक तेलंग अकाली गेल्यावर. आणि १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचेही देहावसान झाले. म्हणजे ज्या पदाने आपण त्यांना ओळखतो, ते पद त्यांच्याकडे जेमतेम सात वर्षे होते. त्याआधी पुणे, नाशिक, धुळे, पुन्हा पुणे अशी बदलीची बिऱ्हाडे हलवत त्यांनी खालच्या कोर्टांत बावीस वर्षे काढली.

समाजसुधारक रानडे आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात, इतिहासकार रानडे 'मराठ्यांच्या सत्तेचा उदय' या ग्रंथामुळे माहीत असतात. मला मात्र या बावीस वर्षांतले रानडे फार जवळचे वाटतात. तालुक्याच्या कोर्टात जाऊन दप्तरे उघडायला लावणारे, मुन्सफाने अमुक निकाल असा का दिला हे विचारणारे, आणि न्यायाची गाडी नेमकी कुठल्या जोडावर अडते हे शोधणारे रानडे.

असे का वाटते, ते सांगतो. मी राहतो ठाण्याच्या कोपरीत. खाडीकाठचे हे जुने गाव. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन येथे वसली, पुढे चाळी आणि इमारती झाल्या. येथल्या माणसाला वडिलोपार्जित जागेचे किंवा घराचे काही काम निघाले, की रेल्वेचा पूल ओलांडून पश्चिमेला जावे लागते. सातबारा आणि फेरफार तलाठ्याकडे, दस्ताची नोंद दुय्यम निबंधकाकडे, मोजणी भूमी अभिलेखाकडे, तक्रार पोलीस ठाण्यात, आणि हे सगळे जिथे जुळले नाही तिथे कोर्टनाका. प्रत्येक कचेरी आपापल्या जागी बरोबर असते. कागद मात्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना अडतो. न्याय म्हणजे फक्त न्यायाधीशाचा निकाल नव्हे, या सगळ्या कचेऱ्यांनी मिळून एका माणसाला दिलेले उत्तर असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही कळते. रानड्यांना ते सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कळले होते, आणि कळल्यावर त्यांनी त्यावर काम केले.

त्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेले, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये झाले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत ते होते. १८६६ मध्ये कायद्याची परीक्षा झाली. १८७१ मध्ये पहिल्या वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून ते पुण्यात आले, तेव्हा वय अवघे एकोणतीस. वर्षभरापूर्वीच, म्हणजे १८७० मध्ये, गणेश वासुदेव जोशी यांनी, आपल्या सार्वजनिक काकांनी, पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन केली होती. दिवसा सरकारी कोर्ट आणि उरलेल्या वेळात सभेची कामे, असा रानड्यांचा क्रम सुरू झाला. कोर्टाच्या खर्चाला आणि खेपांना कंटाळलेल्या लोकांचे तंटे आपसात मिटावेत म्हणून सभेच्या मंडळींनी लवाद कोर्टे काढली. सरकारी न्यायाधीशानेच कोर्टाबाहेरच्या तडजोडीला आशीर्वाद द्यावा, ही त्या काळात नवलाची गोष्ट होती.

आणि मग १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात वणवा पेटला. शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे. ते हाती आले की जाळून टाकायचे. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत हे लोण पसरले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारने चौकशी आयोग नेमला, आणि त्याच्या कागदांतून जे बाहेर आले ते आजही वाचण्याजोगे आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६० च्या दशकात कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास महसूल खात्याने जमिनीची नवी आकारणी करून सारा वाढवला. दरम्यान १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली होती. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे ओझे वाढत जाऊ नये हा त्यामागचा हेतू. घडले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई. ज्याला अक्षरओळख नाही तो अंगठा देई. पुढे दावा लागला की समन्स कधी पोचे, कधी पोचतच नसे, आणि प्रतिवादी गैरहजर म्हणून एकतर्फी हुकूमनामा होई. मुन्सफाने कायदा तंतोतंत पाळलेला असे, महसूल अंमलदारानेही आणि रोखा लिहिणाऱ्यानेही. प्रत्येक खाते आपल्या वहीत निर्दोष होते. शेतकरी मात्र बुडाला.

या चौकशीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा जन्माला आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरता तो सुरू झाला. पुढे इलाख्याच्या इतर भागांतही त्याचा विस्तार झाला. या कायद्याची रचना पाहिली की चकित व्हायला होते. रोखा लिहायचा तो गावच्या रजिस्ट्रारसमोर, म्हणजे कशावर अंगठा देतो आहोत ते शेतकऱ्याला कळावे. सावकाराने पावती आणि हिशेब द्यायचा. दाव्याआधी दोन्ही पक्षांनी तडजोड करून देणाऱ्या पंचाकडे जायचे. ती फिसकटल्याचा दाखला मिळाल्यावरच कोर्टाचे दार उघडायचे. दहा रुपयांपर्यंतचे किरकोळ दावे गावच्या मुन्सफाने गावातच ऐकायचे. न्यायाधीशाने शेतकऱ्याला समोर बोलावून विचारायचे आणि रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहार मुळापासून तपासायचा. हुकूमनाम्याची रक्कम हप्त्याने फेडायची सोय ठेवायची. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचे नाही.

रजिस्ट्रार, पंच, गावमुन्सफ, सबजज्ज, वसुली, तुरुंग. एकेका कडीला हात घालणारे कायदे आधीही झाले होते. येथे सगळी साखळीच एका कायद्यात धरली होती. शिवाय अशा दाव्यांत नेहमीचे अपील बंद ठेवले होते. अपिलाचा खर्च परवडतो तो सावकाराला. त्याऐवजी वरून एक खास न्यायाधीश नेमायचा आणि त्याने फिरून खालची कोर्टे तपासायची, चुकलेले निकाल दुरुस्त करायचे, अशी योजना होती.

मौजेची गोष्ट अशी, की हा कायदा होत होता तेव्हा खुद्द रानड्यांवर सरकारची वक्रदृष्टी होती. सार्वजनिक सभेतले त्यांचे वजन सरकारला खुपत होते. १८७८ मध्ये त्यांना नाशिकला हलवले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात बुधवार वाड्याला आग लागली, आणि रानड्यांची रवानगी धुळ्याला झाली. संशयाचे ढग ओसरायला वेळ लागला. पण १८८१ मध्ये त्याच सरकारने त्यांना याच कायद्याखाली खास न्यायाधीशाचे साहाय्यक नेमले, आणि १८८७ पासून ते स्वतः खास न्यायाधीश झाले.

मग सुरू झाली ती फिरती. चार जिल्ह्यांतली तालुक्याची कोर्टे, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाणारे बिऱ्हाड, दप्तरांचे गठ्ठे. पत्नी रमाबाई बरोबर असत. त्यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या दिवसांचे घरगुती चित्र उमटले आहे. रानड्यांची दृष्टी अधू होती, वाचून दाखवायला माणूस लागे. तरी कामात खंड नाही. कायद्याच्या पुस्तकात एक आणि चावडीवर दुसरेच घडत असेल, तर ते प्रत्यक्ष जाऊन पाहणे आणि पाहिलेले सरकारला लिहून कळवणे, हीच त्यांची कामगिरी होती. एकाच माणसाच्या नजरेखाली नोंदणी, तडजोड, निकाल आणि वसुली हे चारही टप्पे येत, त्यामुळे कोणते खाते कुठे कमी पडते हे लपून राहत नसे.

या कायद्याने शेतकऱ्याचे दैन्य संपले, असे लिहिले तर ती भाबडी भक्ती ठरेल. सावकारांनी वाट काढलीच. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचे आणि पैसे फिटले की जमीन परत देऊ असे तोंडी सांगायचे. काही ठिकाणी त्यांनी कर्ज देणेच आखडते घेतले. पेरणीच्या वेळी बियाणाला पैसा लागतो, तो कोठून आणायचा? रानड्यांना हे ठाऊक होते. साऱ्याचा ताठरपणा सैल झाला नाही आणि स्वस्त कर्जाची सोय झाली नाही, तर कोर्टांची सुधारणा एकटी पुरणार नाही, ही त्यांची मांडणी होती. म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्याबरोबर त्यांनी शेतकी पेढीची योजना उचलून धरली. पुरंदर तालुक्यात तिचा प्रयोग करायचे ठरले, हिंदुस्थान सरकारही अनुकूल झाले. पण लंडनच्या इंडिया ऑफिसने ती बाजूला ठेवली. चार खात्यांचा मेळ बसला आणि पाचव्याने पाठ फिरवली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, जोतीराव फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते. त्यांनी बोट ठेवले ते कचेऱ्यांतल्या माणसांवर. कुलकर्णी, कारकून, अंमलदार हे बहुतेक एकाच जातीचे, आणि शेतकरी त्यांच्यासमोर हात जोडून उभा. रानडे त्याच वरच्या जातीतले, त्याच कचेरीचे अधिकारी. खात्यांची जुळणी कितीही नीट केली तरी त्या खात्यांत बसणारा माणूस कोणाचा, हा फुल्यांचा प्रश्न उरतोच. दोघांना शेजारी ठेवून वाचल्याशिवाय हे प्रकरण पुरते समजत नाही.

आज या सगळ्याकडे पाहताना ओळखीच्या खुणा दिसतात. १९८७ च्या कायद्याने लोकअदालतींना आधार मिळाला, २००८ मध्ये ग्रामन्यायालयांचा कायदा झाला, २०२३ मध्ये मध्यस्थीचा. दाव्याआधी तडजोड आणि दाराशी न्याय, या कल्पना रानडे ज्या व्यवस्थेवर देखरेख करीत होते तिच्यात होत्याच. पोलीस, न्यायालय, सरकारी वकील, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि तुरुंग संगणकाने एकमेकांना जोडण्याचे कामही देशभर हाती घेतलेले आहे. ते व्हायलाच हवे. पण तारेने जोडलेल्या कचेऱ्या मनाने जोडल्या जातातच असे नाही. दप्तराच्या या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने साखळी पाहणारा आणि जोड तपासायला स्वतः जाणारा कोणीतरी लागतो. या कामाला टाळ्या मिळत नाहीत. रानड्यांनाही मिळाल्या नाहीत. त्यांच्या चरित्रांत ही वर्षे दोन-चार पानांत आटोपतात.

रानडे गेल्यावर रमाबाईंनी पुण्यात सेवासदनाचे काम उभे केले, ते सर्वांना माहीत आहे. येरवड्याच्या तुरुंगात जाऊन त्या स्त्री-कैद्यांना भेटत, त्यांच्याशी बोलत बसत, हे तितकेसे सांगितले जात नाही. फिरतीच्या त्या वर्षांत नवऱ्याबरोबर त्यांनी न्यायाची वाट कोर्टाच्या दारापर्यंत पाहिली होती. तिच्या पुढचा टप्पा त्या एकट्या चालून गेल्या.