मृतांच्या रक्ताचा रंग

बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही, अशी बातमी हिवाळ्यात उत्तरेकडून हमखास येते. ती वाचली की मला जॉन स्कॉट हाल्डेन आठवतात. आपल्याला परिचित असतात ते त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन, १९५७ साली भारतात येऊन इथलेच झालेले. मी म्हणतो ते वडील. १८६० साली एडिनबरोत जन्मलेले हे गृहस्थ वैद्यक शिकले खरे, पण त्यांचा जीव रमला तो हवेत. गोरगरिबांच्या कोंदट खोल्यांतली हवा, गटारांतली हवा, आणि शेवटी खाणीतली.

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ माणसे गेली. खाणीतल्या स्फोटात माणसे धक्क्याने आणि भाजून मरतात, हा तेव्हाचा सरसकट समज. हाल्डेन यांनी प्रेते तपासली, तर बहुतेकांची त्वचा गुलाबी, जणू जिवंत माणसाची. ही खूण कार्बन मोनॉक्साईडची. आपले हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपटींहून अधिक घट्ट धरते, आणि मरणानंतरही तो सहजी सुटत नाही.

पण नुसता गुलाबीपणा पाहून भागत नाही. किती, ते मोजावे लागते. त्यांची रीत ऐकाल तर थक्क व्हाल. रक्त पाण्यात खूप पातळ केले की निरोगी रक्त पिवळसर दिसते, विषारी झालेले गुलाबी. मग पिवळसर द्रावणात कार्माईन हा लाल रंग थेंबाथेंबाने घालायचा, दोन्ही नळ्यांचा रंग जुळेपर्यंत. दिव्याच्या गॅसने पुरते भारलेल्या रक्तालाही तसेच जुळवायचे. दोहोंना लागलेल्या रंगाच्या मापांवरून टक्केवारी निघे. माझ्या मते यातली खरी करामत नळीत नसून डोळ्यांत होती.

याआधीच, १८९५ साली, त्यांनी हा वायू स्वतः हुंगून पाहिला होता. निम्म्याहून अधिक रक्त व्यापले तेव्हा त्यांना धड उभे राहवेना. धाकट्या जे. बी. एस.लाही ते खाणीत नेत. तिथे छताशी साठलेल्या मिथेनमध्ये उभे राहून शेक्सपिअरमधले भाषण म्हणता म्हणता पोराचे पाय लुळे पडले. आजचा कुठला बाप हे करील?

टायलर्सटाउनच्या अहवालाने सांगितले की बहुतेक माणसे स्फोटाने नव्हे, त्यानंतरच्या वायूने मेली. म्हणजे स्फोट आणि मरण यांच्यामध्ये थोडा वेळ होता, आणि त्या वेळात माणूस वाचवता आला असता. म्हणून त्यांनी खाणीत उंदरासारखे छोटे प्राणी न्यायला सांगितले. ते भराभर श्वास घेतात आणि माणसाआधी कोसळतात. पुढे कॅनरी पक्षी आले, ते ब्रिटिश खाणींत १९८६ पर्यंत होते.

जळालेले प्रेत समोर आले की आजही पहिला प्रश्न हाच: आग लागली तेव्हा हा जिवंत होता का? मेलेला माणूस धूर ओढत नाही. आता कार्माईनच्या जागी स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे, गॅस क्रोमॅटोग्राफी आहे. पण कुजलेले, करपलेले रक्त या यंत्रांनाही चकवते. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर गुलाबी छटा सहज दिसत नाही; ओठ, नखे पाहावी लागतात.

हाल्डेन मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला वारले, पंचाहत्तराव्या वर्षी. इराण आणि इराकमधल्या तेल कारखान्यांत उष्माघात तपासून ते नुकतेच परतले होते. चिरंजीव १९६४ साली भुवनेश्वरला गेले आणि आपला देह काकिनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन गेले.